पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको

पोरी, बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता जूनला तू कॉलेजात जाणार. घरातले सगळे सांगतायत: जिना बघून चढ, उन्हात फिरू नको, डोळ्यांना ताण देऊ नको. त्यांचं काही चूक नाही. पण मी नोकरीभर कॉलेजच्या ऑफिसात खिडकीच्या आत बसलो, आणि लहानपणी पोलिओ झाल्यामुळं पायात कॅलिपर घालून तीच खिडकी बाहेरूनही बघितली. म्हणून माझं सांगणं जरा ऑफिसी वाटेल. तुला कमी दिसतं हे कॉलेजला आपोआप कळत नाही. कळलं तरी त्याचं काय करायचं हे तिथं कुणाला सुचत नाही, कारण त्याच आठवड्यात ढीगभर फॉर्म तपासायचे असतात. तेव्हा तूच सांगायचं, लवकर सांगायचं आणि कागदावर सांगायचं.

तोंडी सांगितलेल्या गोष्टीचं काय होतं ते मला विचार. सर भले असतात. ‘अगं होईल की, काळजी कशाला करतेस’ म्हणतात आणि मनापासून म्हणतात. परीक्षेच्या वेळी नेमके ते रजेवर असतात, नाहीतर त्यांची बदली झालेली असते, आणि ब्लॉकवरच्या सुपरवायझरला तुझं नावही माहीत नसतं. कागद मात्र फायलीत राहतो. अर्जाच्या दोन प्रती काढ. एक खिडकीत दे, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घे. ‘ठेवून जा, नंबर नंतर टाकतो’ असं कुणी म्हणालं तर हसून तिथंच उभी राहा. उभ्या राहिलेल्या माणसाचं काम आधी होतं, हे मी आतून बघितलंय. पोचेचा मोबाईलवर फोटो काढ आणि मूळ कागद फोल्डरात ठेव.

अर्जात कहाणी लिहू नको. ‘जन्मापासून हे दुःख नशिबी आले’ वाचून प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, पण क्लार्कनं पुढं काय करायचं ते त्यातून कळत नाही. काय हवं ते लिही: पहिल्या बाकावर खिडकीच्या उलट बाजूला जागा, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात, तासाला वीस मिनिटं जादा वेळ, तळमजल्यावर उजेडाची खोली, गरज पडेल त्या पेपरला उत्तरं लिहून घेणारा रायटर. आणि ‘मोठ्या अक्षरात’ एवढं लिहून भागत नाही. किती मोठ्या? स्टँडजवळच्या डीटीपीवाल्याकडून एकाच धड्याचं पान १४, १८ आणि २४ पॉइंटमध्ये छापून घे. घरी ट्यूबलाइटखाली तिन्ही पानं मोबाईलचं घड्याळ लावून वाच. कोणत्या पानाला डोळे चुरचुरत नाहीत आणि कोणत्या पानाला ओळ हातातून सुटत नाही ते बघ. अक्षर फार मोठं झालं तरी त्रास होतो, कारण एका ओळीत तीनच शब्द मावतात आणि वाक्याचा धागा तुटतो. तुझा आकडा एकदा सापडला की अर्जात तोच घाल. कुणी म्हणेल, ‘आम्ही एफोरची एथ्री झेरॉक्स काढून देऊ.’ त्यानं अक्षर साधारण दीडपट होतं, १२ पॉइंटचं १७. तुला १८ पुरत असेल तर ते चालवून घे. २४ लागत असेल तर तिथंच स्पष्ट सांग, नाहीतर पेपरच्या दिवशी भिंग घेऊन बसशील.

हे सगळं मागायला तुला कुणाची मेहेरबानी लागत नाही. १९९५ सालचा जुना कायदा होता, त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार धरले होते. आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात २१ प्रकार आहेत. कमी दिसणं, कमी ऐकू येणं तर आहेच. शिवाय वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हेही आहेत. तुझ्या वर्गात वरवर धडधाकट दिसणारी किती पोरं त्यात बसतात हे त्यांनाच माहीत नसतं. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयाची अट पाच वर्षांनी शिथिल आहे. आणि या कायद्यातली मला सगळ्यात कामाची वाटणारी ओळ व्याख्यांच्या कलमात आहे: वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. ती ओळ पाठ कर. खिडकीवर भांडायला नव्हे, स्वतःला धीर यावा म्हणून.

आता दिव्यांग कार्डाचं. स्वावलंबनच्या पोर्टलवर युडीआयडीचा अर्ज भरायचा, स्वतःला जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात. मग तपासणीला सिव्हिल हॉस्पिटलला. तपासणीचं बोर्ड कोणत्या वारी, कोणत्या खोलीत बसतं ते आधी फोन करून विचार. तासगावाहून सांगलीला जाऊन ‘डोळ्यांचे डॉक्टर आज नाहीत’ ऐकून परत येणं म्हणजे दिवस आणि भाडं दोन्ही गेलं. नाव दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच आधारवर आणि तसंच कार्डावर पाहिजे. ‘पाटील सायली’ आणि ‘सायली पाटील’ एवढ्या फरकानं शिष्यवृत्ती अडकलेली मी पाहिलीय. प्रमाणपत्र तात्पुरतं आहे की कायमचं हे बघ. तात्पुरतं असेल तर संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेव, नेमकी परीक्षेच्या महिन्यात संपते. कार्ड झालं की महाडीबीटीवर दिव्यांगांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना ‘सक्षम’ योजनेची वर्षाला ५० हजारांची, आणि एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत. यातलं तुला लागू असेल ते एकही सोडू नको.

अपंगत्वाचा टक्का वाढवून देतो म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच मागं फिर. २०२४ साली पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. त्या वादाचा चटका खऱ्या पोरांना बसला: त्यानंतर प्रत्येक कार्डाकडं लोक डोळे बारीक करून बघायला लागले.

आणि तुझ्या मैत्रिणीला सांग, जिचा हात लिहिताना आखडतो पण डॉक्टर ४० टक्के देत नाहीत. तिचाही मार्ग आहे. विकास कुमार नावाच्या एका उमेदवाराला लिहिताना बोटं आखडण्याचा त्रास होता. यूपीएससीनं त्याला रायटर नाकारला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला कोर्टानं सांगितलं की रायटरसाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, खरी अडचण बघा. त्यावरून १० ऑगस्ट २०२२ ला केंद्र सरकारनं ४० टक्क्यांच्या आतल्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं ‘लिहिण्यात अडचण आहे’ असं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. नमुना छापून स्वतः घेऊन जायचा, डॉक्टरांनी तो शोधत बसावा अशी अपेक्षा ठेवू नये.

रायटरवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हुशार पोरं इथंच मार्क घालवतात. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणं रायटर आपला आणता यायचा किंवा परीक्षा घेणाऱ्यांकडून मागता यायचा. आपला असेल तर तो आपल्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागायचा. भाषांच्या पेपरांना वेगळा रायटर घेता यायचा, ऐनवेळी बदलताही यायचा. हे नियम बदलत राहतात, स्पर्धा परीक्षांचे आणखी वेगळे असतात, म्हणून चालू वर्षाचं विद्यापीठाचं परिपत्रक स्वतः वाच. पण माणूस निवडायचा कसा, हे परिपत्रकात नसतं. वर्गात पहिला येणारा घेऊ नको. त्याला तुझं वाक्य सुधारायची खुमखुमी येते, मग उत्तर ना तुझं ना त्याचं. अक्षर सुटसुटीत, कान तयार आणि ‘पुन्हा सांग ताई’ म्हणायला न लाजणारी अकरावी-बारावीची पोरगी बघ. तिच्याबरोबर निदान चार जुने पेपर पूर्ण वेळ लावून सोडव. तुला मनातल्या मनात लिहायची सवय आहे. तोंडानं लिहायला वेगळी सवय लागते. स्वल्पविराम सांगायचा, परिच्छेद सांगायचा, ‘शासनव्यवस्था’ सारखा शब्द आला की एका दमात नको, तोडून सांगायचा. प्रत्येक प्रश्न संपला की शेवटच्या दोन ओळी वाचून दाखवायला लाव. पेपर तीन तासांचा असेल तर तुला चार तास मिळतात, आणि चार तास सलग बोलून घसा बसतो. पाण्याची बाटली दोघींची वेगवेगळी ठेवा. आणखी एक पोरगी राखीव तयार ठेव. ताप कुणालाही येतो, सावळजची गाडी कधीही चुकते.

रायटरचा आणि जादा वेळेचा अर्ज परीक्षेचा फॉर्म भरताना द्यायचा. हॉल तिकीट हातात आल्यावर द्यायला गेलीस तर बैठक व्यवस्था लागून गेलेली असते आणि मग सगळ्यांचीच चिडचिड होते. आपल्या भागातली बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, कोल्हापूर-सांगली-सातारा असा त्याचा पसारा. त्यामुळं कॉलेजच्या अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला गेली का, हे पीआरएन, म्हणजे तुझा नोंदणी नंबर सांगून आठवड्यानं विचार. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा विभाग त्यांचाच, तिथं विचार. आणि पेपरच्या आदल्या दिवशी खोली बघून ये. बाक डुगडुगतो का, ट्यूब फडफडते का, पंख्याचा आवाज किती, सगळं.

नोट्सचा घोळ तुला पहिल्याच महिन्यात कळेल. सर व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचे फोटो टाकतात, तेही तिरके, अंगठ्याची सावली पडलेले. फोनमधला वाचून दाखवणारा आवाज त्यातलं एक अक्षर वाचत नाही. काही सर पीडीएफ देतात, पण ती जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेली. डोळ्यांना ती मराठी दिसते. संगणकाला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, आणि तो तशीच बडबडतो. म्हणून सरांकडं मागताना ‘सॉफ्ट कॉपी द्या’ एवढंच म्हणू नको, ‘युनिकोडमधली वर्ड फाईल द्या’ म्हण. संगणकावर एनव्हीडीए हा वाचून दाखवणारा प्रोग्राम टाकून घे, फुकट आहे, मराठी वाचतो. आवाज सुरुवातीला रोबोटसारखा वाटेल, पंधरवड्यात कान बसतो. सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे, तिथं नाव नोंदव. क्रमिक पुस्तक तिथं नसेल तर आपल्याला वाचता येईल अशा रूपात त्याची प्रत करून घ्यायला कॉपीराइट कायद्यानंच २०१२ पासून मोकळीक दिलीय. लेक्चर रेकॉर्ड करायचं तर आधी सरांना विचार, आणि ते रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नको. एका सरांचा विश्वास गेला की सगळा स्टाफ सावध होतो.

चालण्याची अडचण असणाऱ्यांसाठी एक माप सांगून ठेवतो, कधीतरी कुणासाठी वापरशील. रॅम्पचा उतार एकास बारा पाहिजे. दारात मिळून दीड फूट उंचीच्या तीन पायऱ्या असतील तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. आपल्याकडं पाच फुटांत उरकतात, रंग देतात, व्हीलचेअरचं चित्र काढतात. त्यावरून खुर्ची वर जात नाही, खाली मात्र भरधाव येते. आणि अपंगांसाठीचं स्वच्छतागृह म्हणजे पाटी, कुलूप आणि किल्ली शिपायाकडं. पहिल्या आठवड्यात किल्ली कुठं असते ते विचारून ठेवायचं, नाहीतर पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग मूत्रमार्गाचा त्रास घेऊन दवाखाना गाठतात. या गोष्टीला लाजायचं नाही. प्राचार्यांना लेखी द्यायचं.

आता घरचं. तुझा बाप खिडकीवर तुझ्या वतीनं बोलणार. त्याला बाकावर बसव आणि तूच बोल. पहिल्यांदा जीभ अडखळेल, तिसऱ्यांदा नाही. दुसरं, फेब्रुवारी ते एप्रिल आपल्या तालुक्यात बेदाण्याचा हंगाम, आणि परीक्षा त्याच सुमाराला. धाकट्याला अभ्यासाला सोडतील आणि तुला म्हणतील, ‘तू बसल्या जागी निवडायला ये की शेडवर, तुला काय जास्त दिसायला लागतंय त्याला.’ हे प्रेमानंच म्हणतील. तू वेळापत्रक स्वयंपाकघरात चिकटव आणि तुझे तास सांगून टाक. ज्या पोरीला लिहायला-वाचायला इतरांपेक्षा दीडपट वेळ लागतो तिला घरकामातून दीडपट सूट पाहिजे, हा हिशेब मी तुझ्या आईला सांगितलाय. पटलाय की नाही ते कळेलच.

आणखी एक, यावर माझं जरा तिखट मत आहे. आपल्या भागात पराक्रमी माणसं झाली. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी: शाळेत असताना सायकलवरून पडून हात कायमचा अधू झाला, आणि पॅरिसला २०२४ ला गोळाफेकीत १६.३२ मीटर टाकून रौप्य. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक: सतराव्या वर्षाच्या आतच कमरेखालचं शरीर गेलं, आणि पुढं १९८४ ला ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाच, जरूर वाच. पण लोक ही नावं पोरांच्या अंगावर फेकतात. ‘तो बघ गोळा फेकतो आणि तुला पहिल्या मजल्यावर वर्ग नको?’ असं ऐकलंय मी, शिकलेल्या माणसाकडून. तू कुणाला प्रेरणा द्यायला कॉलेजला चालली नाहीस. तू बी.ए. करायला चाललीस. दुसऱ्या वर्गात पास झालीस तरी वर्ग तळमजल्यावर घ्यायलाच पाहिजे.

मनाचं बोलायचं राहिलं, आणि ते आपल्याकडं राहतंच. दिवसभर डोळे ताणून वाचलं की संध्याकाळी जो थकवा येतो तो आळस नव्हे. कॅलिपर घालून दोन जिने चढलो की मी वर्गात अर्धा तास फक्त बसायचो, कानावर काही पडायचं नाही. दुपारी वीस मिनिटं डोळे मिटून पड, वाचनालयात नाही तर गर्ल्स कॉमन रूममध्ये. मैत्रिणी सहलीला जाताना ‘तुला त्रास होईल’ म्हणून परस्पर वगळतात. त्यांना सांग, त्रास होईल की नाही ते मी ठरवीन. पुढं कोल्हापूरला हॉस्टेलवर राहिलीस तर रेक्टरबाईंना पहिल्या दिवशीच औषधांची यादी आणि घरचे दोन नंबर दे.

आणि झोप उडाली, जेवण नको वाटायला लागलं, कुणाशी बोलू नये असं दोन आठवडे वाटत राहिलं, तर ते सुधारेल म्हणून वाट बघत बसू नको. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असला पाहिजे. तुझ्या कॉलेजात कोण आहे, कुठं बसतं, हे जूनमध्येच विचार; गरज पडल्यावर विचारायचं त्राण नसतं. शिवाय टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पोरी म्हणतात, वेड्यांचा नंबर आहे. दात दुखला तर दातांच्या डॉक्टरकडं जाताना कुणी लाजत नाही.

सगळं करूनही नकार मिळाला तर तो लेखी माग. लेखी नकार द्यायला कुणीच धजत नाही, निम्मी कामं तिथंच होतात. नाहीच झालं तर प्राचार्य, मग विद्यापीठ, मग पुण्यात दिव्यांगांचे राज्य आयुक्त. तिथं पाठवायच्या अर्जाला जोडायला पोचा लागतात, म्हणून सुरुवातीपासून मी पोच पोच करतोय.

अर्जाचा नमुना मी टाईप करून ठेवलाय, युनिकोडमध्ये. रविवारी ये, तुझा पॉइंटचा आकडा त्यात घालू. येताना कार्ड (झालं नसेल तर त्याच्या अर्जाची पावती), दहावीची मार्कशीट आणि आधार, तिन्हीच्या दोन-दोन झेरॉक्स आण.